कंपायलरने फायली टाकल्या कुठे?

२० जानेवारी, मंगळवार

तळ्याची पाळ फुटावी तशा फायली! आपण लिहिलेल्या प्रत्येक फाईलच्या बाजूला, तीच मशीनला चालेल अशी करून कंपायलरने बनवलेली दुसरी. आपली कोणती, मशीनची कोणती, काही पत्ता लागत नाही. आज मशीनच्या फाईलमध्येच दुरुस्ती करत बसलो. पुन्हा कंपाइल केलं – सगळी मेहनत साफ! समोर चंदा होती म्हणून शिवी गिळली.

चंदा म्हणजे ऑफिसात नवीन लागलेली मुलगी, अर्जुनी मोरगावकडची. म्हणाली, दादा, सेटिंगमध्ये आउटडिरची ओळ टाकली की बनलेलं सगळं एकाच फोल्डरात पडते, आपलं लिहिलेलं इकडं साफ राहते. ठाऊक होतं हो मला! करायचं राहिलं होतं, एवढंच. लगेच ‘बाहेर’ नावाचं फोल्डर केलं आणि बनलेल्या फायली हाताने त्यात हलवल्या. ती ओळ चंदा उद्या टाकेल.

२१ जानेवारी

बोदलकस्याला सासुरवाडीत. घरी तळ्यातली गोड मासळी. जेवता जेवता चंदाचा फोन – त्या फोल्डरचं नाव काय होतं? सांगितलं. ‘बाहेर’मधून जत्रेतल्या स्वयंसेवकांच्या फोनवर फायली पाठवायची स्क्रिप्ट मी कालच लिहून ठेवली आहे. माझं काम कधी मागे राहत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

पोरीचं डोकं काय चालतं!

काम कचारगडच्या, गोंडांच्या जत्रेचं आहे. हरवलेल्या माणसाचा फोटो स्वयंसेवकाने फोनवर घ्यायचा, की तो बाकीच्या चौक्यांवर दिसतो. एवढं मी केलं होतं आणि त्यावर खूश होतो. चंदाने विचारलं, दुरून आलेल्या म्हातारीले फक्त गोंडी येत असेल, अन् चौकीवरच्या पोराले येत नसेल, मंग? नाव कसं लिहील, गाव कसं लिहील? म्हणून तिने आवाजाचं बटण बनवलं. म्हातारीने आपल्या बोलीत बोलावं, तेच सगळ्या चौक्यांवर वाजवावं. बस! मला नऊ वर्षांत असं काही सुचलं नाही. जळलो थोडा. पण खरं सांगतो, आनंदच जास्त झाला.

२४ जानेवारी

आवाजाचं बटण फोनवर दिसत नाही. चंदाच्या कॉम्प्युटरवर दिसतं. फोनवर जुनंच!

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून ऑफिस. अजून जुनंच. कंपायलर म्हणतो सगळं ठीक, स्क्रिप्ट म्हणते पाठवलं, आणि फोनवर बटणाचा पत्ता नाही. फोन बंद करून चालू केले, ॲप काढून पुन्हा टाकलं. चंदावर ओरडलो.

संध्याकाळी मालक कुशलभाऊ आले. म्हणाले, उद्यापर्यंत बटण दिसलं नाही तर काम नागपूरच्या माणसाला देतो. तो फक्त फोटोचंच करून देणार आहे. आवाज राहू दे, आणि ही पोरगीही नको. चंदासमोर बोलले! तिचे डोळे भरले, पण हात की-बोर्डवरून हलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आवाजाशिवाय त्या म्हाताऱ्या माणसांचं काय व्हायचं?

२७ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहायलाच पाहिजे.

कुशलभाऊ मागे उभे. चंदाने ‘बाहेर’ फोल्डर धरलं आणि सरळ डिलीट! मी किंचाळलोच – अगं बाई, काऊन करून राहिली असं?

ती शांतपणे म्हणाली, “दादा, हे त पुन्हा पिकते. बियाणं इकडं हाये ना.”

आणि खरंच, तेच तर आउटडिरचं सुख आहे. आपलं लिहिलेलं वेगळं असलं की बनलेलं केव्हाही उडवून द्या, पुन्हा बनवा. मग तिने कंपाइल केलं. कंपायलर म्हणाला, ठीक. मग माझी स्क्रिप्ट चालवली. आज पहिल्यांदा स्क्रिप्टने भोंगा वाजवला – ‘बाहेर’ नावाचं फोल्डरच नाही! म्हणजे कंपायलरने फायली टाकल्या कुठे?

यादीत खाली होतं. माझ्या baher सारखंच इंग्रजी अक्षरांत bhayer – ‘भायेर’. रोज डोळ्यांसमोर दोन्ही नावं एकाखाली एक होती! मी दोन्ही एकच समजून वाचत होतो. चंदाला वाटलं, वरचं माझं जुनं ठेवणीतलं असेल. नवं सगळं ‘भायेर’मध्ये पडत होतं, आणि माझी स्क्रिप्ट ‘बाहेर’मधलं शिळं फोनवर वाढत होती.

कुशलभाऊंनी विचारलं, हे नाव कोणी टाकलं?

चंदा माझ्याकडे पाहून म्हणाली, “दादांनीच त फोनवर सांगतलं होतं. भायेर टाक मनून.”

मी! ऑफिसात सगळ्यांचं मराठी दुरुस्त करत फिरणारा मी! लिहितो बाहेर, पण सासुरवाडीत तोंडात घास असताना भायेरच निघालं. कुशलभाऊ खुर्चीत बसून पोट धरून हसले. मग मीही हसलो. चंदा सेटिंगमध्ये ‘बाहेर’ लिहायला लागली तर मी तिचा हात थांबवला आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘भायेर’ केलं. फोनवर बटण आलं.

१ फेब्रुवारी, रविवार – कचारगड

काय ही गर्दी! दुपारी बस्तरकडची एक म्हातारी एकटी रडत बसलेली. कोणाला काही कळेना. चंदाने तिच्यासमोर फोन धरला. ती बोलली, खूप बोलली, रागावली पण. गुहेकडच्या चौकीवर तोच आवाज वाजवला, आणि तिथे बसलेला तिचा मुलगा ताडकन उठला म्हणे. धापा टाकत आला. म्हातारीने आधी त्याला दोन रट्टे दिले, मग मिठी मारली. मी तंबूच्या मागे जाऊन डोळे पुसले. चंदा पुढच्या माणसाचा आवाज घेत होती.

३ फेब्रुवारी

कुशलभाऊंनी विचारलं, पुढच्या जत्रेच्या कामाचा मुख्य तुला करतो, चंदा तुझ्या हाताखाली, चालेल ना? म्हटलं, नाही. मुख्य ती. मी तिच्या हाताखाली.