ओपोंगमामांचं घर आणि अकुआताईची बाटली

मी, याव न्यार्को, आई अफिया हिचा थोरला मुलगा, कैलासवासी ओपोंगमामांचा वारस, वय सव्वीस, काम सोन्याच्या खड्ड्यात खणणे, मूळ गाव असुओदेई, देश घाना, सध्या मुक्काम गिनीत सिगिरीच्या पलीकडे, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा शब्द चुकला तर अर्थ बघावा. शुक्रवारी शेजारचा खड्डा खचला. त्यातली माणसं वर आली नाहीत. माझा खड्डा त्याच मातीत आहे.

१. किरकोळ आधी. रबरी बूट खड्ड्यातला सोबती सुलेमान याला. नाहीतरी तो न विचारता घालतोच. एल्विसला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते असं इथले उपदेशक ब्रदर फाउस्तिन सांगतात. एल्विस म्हणाला, "मग मला कशाला घेतलंस, गाढवा?"

२. इथल्या वस्तीतल्या मामादीच्या बायकोकडे ठेवलेलं सोनं माझ्या आईला. तिने त्यातून छप्पर करावं, कोणाच्या लग्नात उडवू नये. मोटारसायकल धाकटा भाऊ क्वादवो याला. आरसा त्यानेच फोडलाय, तो त्याने बसवून घ्यावा.

३. आता घर.

बाप आम्हाला टाकून गेला, तेव्हा मामांनी आईला माहेरी आणलं आणि मला मांडीवर घेतलं. आमच्यात रक्त आईचं. पुरुष मेला की त्याचं घर, कोकोची बाग बहिणीच्या मुलाकडे जाते, पोटच्या पोरांकडे नाही. या रीतीवर मी थुंकत नाही, तिनेच मला जगवलं. पण त्याच रीतीत बापाची शवपेटी मुलांनी आणायची असते. मामांना एकच मूल, अकुआताई. तिने शिवणयंत्र विकून पेटी आणली. पेटी तिची, घर माझं. मी खांदा दिला आणि किल्ली घेतली.

यंदा ईस्टरला गावी गेलो, तेव्हा ताईने अंगणात माझ्यापुढे फुफू ठेवलं. मी म्हणालो, "ताई, घर तुझं. मला कुठे राहायचंय इथे?"

ती म्हणाली, "खाऊन घे आधी. पोट भरल्यावर पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कुळाची बैठक होती. आमच्यात दिलेली वस्तू पक्की कधी होते, तर घेणाऱ्याने आभाराची बाटली आणली आणि ती चारचौघांत प्यायली गेली की. ताईने जिनची बाटली कुलप्रमुख नाना बोआतेंग यांच्यापुढे ठेवली आणि स्पष्ट म्हणाली, "यावने मला बाबांचं घर दिलं. हे त्याचे आभार."

नानांना बाटली दिसली की कान बंद होतात, हे सगळं गाव जाणतं. त्यांनी जमिनीवर धार सोडली, पूर्वजांना नावं घेऊन बोलावलं, पहिला पेला स्वतः रिकामा केला. मग तोंड पुसून विचारलं, "आभार कसले म्हणालीस? याव, काय दिलंस रे तू?"

आई माझ्या कानाशी म्हणाली, "दूध कोणाचं प्यालास ते आठव."

मी म्हणालो, "ताई थट्टा करतेय, नाना."

सगळे हसले. नाना हसता हसता तिला म्हणाले, "पोरी, येशूलासुद्धा कोणी वाटणी करून दे म्हणालं, तर तो म्हणाला, मला कोणी नेमलं वाटणी करायला? मग मी कोण?" नाना आमच्या चर्चचे वडील आहेत, वचनं त्यांना पाठ. ताईने पेले गोळा केले, विसळले, पालथे घातले. मी निघालो तेव्हा तिने वाटेसाठी भाजलेली केळी बांधून दिली. ती मी खाल्ली, हेही लिहितो.

इथे ब्रदर फाउस्तिननी बायबलातली सलाफहादाच्या मुलींची गोष्ट वाचली. बापाला मुलगा नव्हता. मुली मोशेपुढे, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्यात रक्त बापाचं रे, आपल्यात आईचं. त्यांचे जोडे आपल्या पायात कशाला?" तिचं खरं आहे. तिथेही भाऊ असता तर त्या मुलींना काही मिळालं नसतं. पण मोशे त्यांना थट्टा करता का असं म्हणाला नाही. तो देवाला विचारायला गेला. मी कोणाला विचारायला गेलो नाही. मी जमिनीकडे बघत दुसरा पेला घेतला.

कुळाचं घर मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यामागे ते क्वादवोचं, असं सगळे धरून चालले आहेत. म्हणून मी या कागदाने घर देत नाही. मी फक्त सांगतो की ती थट्टा नव्हती. घर ईस्टरलाच दिलं गेलं. ताईने कशाचे आभार ते सांगितलं होतं, त्यानंतर नाना प्याले, कुळ प्यालं, पूर्वज प्याले, मीही प्यालो. प्यायलेली बाटली परत करता येत नाही, हे मला नानांनीच शिकवलं. ज्याला घर परत हवं असेल त्याने आधी पूर्वजांच्या घशातून ती जिन काढून आणावी.

४. मला मूलबाळ नाही. प्रेत मिळालं, तर माझ्या पेटीसाठी अकुआताईकडे कोणी बघू नये. तिने या घरात एक पेटी आणली आहे. मला चटईत गुंडाळा.

५. हा कागद कुळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. नाना वाचणार असतील तर शेजारी अक्षर येणारं दुसरं माणूस बसवावं. वाचून होईपर्यंत बाटली फोडू नये. ताई, तू या वेळी काही आणू नकोस.

खड्ड्यांची वस्ती, सिगिरीपलीकडे, रविवार, ३ नोव्हेंबर २०१९.

सही: याव न्यार्को

आमच्यासमोर त्याने वाचून दाखवलं आणि सही केली. आम्हाला यातलं काही मिळत नाही:
मामादी कुरुमा (अंगठा)
एल्विस तेत्ते (सही)