क्वार्टरबॅक म्हणजे क्वार्टर नव्हे

सिंगापूर,
रविवार, १८ जानेवारी २०२६

अण्णा,

पाया पडतो, पण आधी भांडण पुरं करू. मी पितो, असं तू सविता वहिनीला कशावरून सांगितलंस? परवा फोनवर मी म्हणालो होतो, "रविवारी सकाळी उठून क्वार्टरबॅक बघायला जायचंय." त्यातलं "बॅक" तू ऐकलंच नाहीस. नुसती "क्वार्टर" धरलीस आणि फोन ठेवलास. अरे, क्वार्टर कुणी सकाळी उठून नुसती बघायला जातं का? एवढा तरी विचार करायचास. वहिनी फोनवर रडत होती. तिला सांग, तुझा दीर इथं कोपीशिवाय काही पीत नाही. कोपी म्हणजे कॉफीच, हे लोक तसं म्हणतात. नाहीतर त्यावरून आणखी एक रामायण व्हायचं.

क्वार्टरबॅक हा माणूस असतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमधला. त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय, म्हणजे त्याच्या निमित्तानं. फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस आणि कट करतोस. कागद मध्येच कट होत नाही. आमच्या यार्डातले निशिकांत साहेब, जहाजाचे इंजिनियर, आपल्या सांगलीचेच, परवा सुट्टीवर निघालेत. ते स्वतः दूध केंद्रावर येऊन तुझ्या हातात देणार आहेत. त्यांच्यासमोर तरी पूर्ण वाच. अक्षराला हसू नकोस. दहावीत एवढं सलग लिहिलं असतं तर पास झालो असतो.

मी मजेत आहे. वजन वाढलंय. जहाज दुरुस्तीला आलं की माझं काम तेच, क्रेननं उचलायच्या मालाला पट्टे बांधायचे आणि क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे. वर बसलेल्याला खालचं दिसत नाही, खालच्याचं वर ऐकू जात नाही. सगळा कारभार हातावर. तुला आवडलं असतं. तूही कबड्डीत चढाईला गेलास की मागच्यांना हातानंच सांगतोस, मागं सरका म्हणून.

गुडघा कसा आहे? वहिनीवर ओरडू नकोस. तिनं मला काही सांगितलं नाही. आपल्या संघातल्या दीपेशनं उपांत्य सामन्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात तुझ्या एका चढाईनंतर तू उठताना हसलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तुझं ते हसू मला माहीत आहे. माझी सायकल विहिरीत गेली तेव्हा बाबांसमोर काहीच झालं नाही असं दाखवत तू तसंच हसला होतास.

बरं, आता आजची गंमत ऐक.

साहेब सेरंगूनला राहतात. त्यांनी मला पोहे खायला बोलावलं होतं. त्यांची मुलगी गार्गी या खेळाची वेडी आहे. शाळेत मुलींचा संघ आहे. कमरेला पट्ट्या लटकवून खेळतात आणि पट्टी ओढली की गडी जागच्या जागी थांबतो, अंगावर कुणी पडत नाही. टीव्हीवरचे मात्र पडतात, आणि कसे पडतात! एकेक गडी म्हणजे आपल्या तालुक्यातले दोन. सध्या त्यांची बाद फेरी चालू आहे. हरलं की बॅगा भरायच्या, आपल्यासारखंच.

खेळ असा. समोरासमोर दोन रांगा. क्वार्टरबॅक आपल्या रांगेच्या मागं उभा. चेंडू त्याच्या हातात आला की समोरचे सगळे त्याला पाडायला धावतात. म्हणजे आपल्यात एकटा चढाईपटू सात जणांत जातो, इथं ते सगळे एकट्याच्या घरात येतात. तेवढ्यात त्यानं लांब पळणारा आपला गडी हेरून चेंडू फेकायचा.

आजच्या निळ्या संघाचा क्वार्टरबॅक चाळिशी ओलांडलेला. दाढीत पांढरे केस. मी गार्गीला विचारलं, "हा म्हातारा पळत का नाही?"

"अंकल, ही डझन्ट नीड टू रन लाह! ही थ्रोज. दॅट्स कॉल्ड अ पास!"

मी म्हटलं, "बाई गं, मला पास एकच माहीत. खिशातलं कामाच्या परमिटचं कार्ड."

साहेबांनी पोह्यांचा घास हातातच धरून विचारलं, "काय रे कुशल, घरी सांगितलंस का त्याचं?"

"सामना बघा साहेब," मी म्हटलं.

काय ते पुढं लिहितो.

तर तो म्हातारा. अण्णा, काय नजर! समोरचे कुठून घुसणार ते त्यांच्या आधी याला कळत होतं. तूच दिसत होतास मला. पण मध्यांतरानंतर एक दांडगा त्याच्या पायावर पडला. तो उठला, लंगडला आणि कोचकडं बघून अंगठा दाखवला, ठीक आहे म्हणून. आणि हसला. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

आता कोच बघ. त्या कोचच्या हातात मोठा रंगीत कागद असतो. तो तोंडासमोर धरूनच बोलतो, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. त्यानं अंगठा बघितला, हसू बघितलं, आणि पायाकडं बघितलं. एकदाच. मग बाकावरच्या नवख्या पोराला उभं केलं. बाद फेरी, संघ मागं पडलेला, आणि ज्याच्या जिवावर इथवर आले त्यालाच खाली बसवलं!

म्हातारा पिसाळला. हेल्मेट आपटलं. कोचच्या तोंडावर जाऊन ओरडला. कोच नुसता बाजूला सरकला आणि शेजारी जागा करून दिली. थोडा वेळ म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा. मग गेला त्या जागेवर. आणि पोरगं प्रत्येक वेळी बाहेर आलं की याचं सुरू, हा डावीकडून येतोय, त्याचे खांदे बघ, घाई करू नकोस. मला इंग्रजी ऐकू येत नव्हतं, आलं असतं तरी कळलं नसतं. पण हात कळतात मला. हातांचंच खातो मी.

हरले ते. खोटं लिहीत नाही. थोडक्यात हरले. तू म्हणशील, बघ, म्हातारा असता तर जिंकले असते. असतेही. पण शेवटी तो त्या पोराच्या मानेवर हात ठेवून चालत बाहेर गेला. चालत, अण्णा. स्ट्रेचरवर नाही.

आपल्या प्रकाशतात्यांचं मी वाईट बोलत नाही. मैदान त्यांनी राखलं, मंडळ त्यांनी उभं केलं. पण कोच म्हणून त्यांच्याकडं डावपेच एकच, "अण्णा, जा." पहिली चढाई, अण्णा जा. लोण चढतोय, अण्णा जा. तिसरी चढाई, गुण घ्या नाहीतर बाद, अण्णा जा. आणि तूही जातोस. गिरणीवाल्यांचा दीपेश दोन मोसम बाकावर पाणी वाटतोय. त्या व्हिडिओच्या शेवटी त्याची एक चढाई आहे. पाय चांगला आहे रे त्याचा. फक्त डाव्या कोपऱ्यावर गेला की मान खाली घालतो. हे त्याला तात्या कधीच सांगणार नाहीत. तूच सांगू शकतोस.

२६ जानेवारीला अंतिम सामना. डॉक्टर काय म्हणालेत ते वहिनीनं मला (बरं, सांगितलं तिनं, ओरड आता माझ्यावर) सगळं सांगितलंय. गुडघा आणखी एकदा पिळवटला की पायरी चढणं अवघड. मग दुधाचे कॅन कोण उचलणार? आणि तू वहिनीला उत्तर काय दिलंस तेही कळलं. "कुशल होळीला येतोय कायमचा. तोवर संघातली जागा त्याच्यासाठी धरून ठेवतो. मंडळानं दुसऱ्याला दिली तर त्याला परत मिळायची नाही."

अण्णा, मी होळीला येत नाही.

आज साहेब तेच विचारत होते. मी पास पुढं वाढवून घेतलाय, आणखी दोन वर्षं. डिसेंबरातच सही केली. यार्डानं क्रेनकामाच्या मुकादमाचा कोर्स करायला लावला, परीक्षा घेतली आणि मी पास झालो. पहिल्या फटक्यात! आता माझ्या हाताखाली गडी आहेत, दोन बांगलादेशी, एक तमिळ. माझं ऐकतात. मला हे काम येतं, अण्णा, कबड्डीपेक्षा चांगलं येतं. तुला सांगायला एवढे दिवस का लावले? तू जिच्यासाठी पाय झिजवतोस ती माझी जागा मला नकोच आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून. रोज फोन उचलायचो आणि वहिनीला पावसापाण्याचं विचारून ठेवायचो.

तू बाबांच्या माघारी मला मैदानावर नेलंस, तिथंच मी सरळ झालो. ते विसरलो नाही. पण तू माझ्यासाठी जागा राखतोस आणि मी इथं तुझ्या गुडघ्याच्या जिवावर निवांत झोपायचं, हे जमायचं नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. इशारे एकच माणूस देतो, मी. बाकी कुणी हात हलवला तर क्रेनवाला ढुंकूनही बघत नाही. पण थांबायचा इशारा कुणीही द्यावा, झाडूवाल्यानंसुद्धा. दोन्ही हात आडवे पसरले की माल हवेत असेल तिथं थांबतो. का म्हणून विचारायचं नाही, वय विचारायचं नाही, आधी थांबायचं. मोठ्या भावाला सांगायची माझी टाप नाही, माहीत आहे मला. पण समज, मी इथं दोन्ही हात आडवे पसरून उभा आहे.

२६ तारखेला तू पँट घालून मैदानावर जा. चड्डी घरी ठेव. तात्यांच्या शेजारी बस. आधी राग येईल, येऊ दे, एखादी खुर्ची आपट. मग दीपेशला मान वर ठेवायला सांग. हरला तर हरला. तुझी पकड करणं सोपं नाही हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे, ते आणखी कुणाला दाखवायचं राहिलंय?

आणि सामन्याआधी तुझा सत्कार व्हायला हवा, शाल, नारळ, माईकवर नाव. तात्यांना मी फोन करून सांगितलंय. थोडे कुरकुरले, मग म्हणाले, "पोरा, मीपण हेच म्हणणार होतो." कधी म्हणणार होते देव जाणे. पण म्हणाले.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव, क्वार्टरचं आधी.

साहेबांकडं पाकीट दिलंय. हे पैसे औषधाचे नाहीत, घराला मदत म्हणून नाहीत, परत पाठवायचे तर मुळीच नाहीत. कप्तान मैदानावरून चालत उतरतोय, त्याला धाकट्या भावाकडून आहेर. म्हणून वर एक रुपया ठेवलाय.

तुझा,
कुशल

रुपये एकवीस हजार एक.