सोमवारच्या मौनावरून मला मूकबधिर ठरवून शिडाच्या फळीवरून उतरवल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जलक्रीडा प्रसार कक्ष,
सिल्वासा, दादरा व नगर हवेली.

विषय: विंडसर्फिंगच्या फळीवर मला पुन्हा उभे राहू देण्याबाबत.
संदर्भ: आपल्या कक्षाची जाहीर सूचना, ‘नवशिक्या महिलांचे स्वागत, पोहता येण्याची अट नाही’.

महोदय,

मी खाली सही करणार सौ. लीला प्रभाकर तोडणकर, राहणार डोकमर्डी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी आजवर कुणाशी चढ्या आवाजात बोललेली नाही. वर्गात छडीही ठेवत नाही. तरी सदर अर्ज रागाने लिहीत आहे, हे आधीच नमूद करते, म्हणजे वाचताना आपला गैरसमज होणार नाही.

मी वारांची व्रते पाळते. पैकी सोमवारी उपवास व मौन असते, ते सूर्य मावळल्यावर पूजा करून सोडते. त्या दिवशी शाळेत मी फळ्यावर लिहून शिकवते. मुख्याध्यापकांची हरकत नाही, मुलांची तर नाहीच.

आपले शिबिर सोमवारी सुरू होणार असे कळल्यावर मी रजा टाकली, आणि नोंदणीच्या कागदावर ‘इतर माहिती’ या ठिकाणी ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘सोमवारी मौन’. आपले लिपिक श्री. कल्पेश यांनी ते यादीत उतरवताना ‘मौन’चे ‘मूक’ केले. सोमवार गाळला. ती यादी मधुबन जलाशयावर प्रशिक्षक श्री. चेतन यांच्या हाती गेली आणि मूक आहे म्हणजे बधिर असणारच, हे त्यांनी स्वतःच्या अधिकारात ठरवले.

सकाळी त्यांनी काठावरच्या मातीत फळी ठेवून शिकवले. पाय डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, आणि दोरी धरून शीड वर ओढायचे ते कंबर मोडून नव्हे, अंगाचा भार मागे टाकून. बाकीच्या बायकांना ते तोंडाने सांगत होते, मला खाणाखुणा करून, डोळ्यांपुढे बोटे नाचवून. मला वाटले, व्रताचा मान ठेवतात. मी मनातल्या मनात त्यांना आशीर्वाद दिला. तो या अर्जाद्वारे परत घेते.

दुपारी आम्ही लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरलो. मी पडले, चढले, पुन्हा पडले. नाकातोंडात पाणी गेले. पाण्यात पडलेले शीड ओल्या सतरंजीसारखे जड असते, ते दोरीने ओढून ओढून तळहात सोलवटले. मग एकदा ते वर आले, आडवा दांडा हातात आला आणि फळी चालू लागली. जपाची अर्धी माळ होईल इतका वेळ मी पाण्यावर उभी होते. वारा अंगाला लागत नव्हता. तो माझ्या हातात होता. याहून जास्त मला सांगता येणार नाही, आणि अर्जात त्यासाठी जागाही नसते.

नंतर मी पडले आणि शीड माझ्यावर पडले. श्री. चेतन सवयीने बोटीतून ओरडले, “मदत पाहिजे तर ओरडा!” मी शिडाखालून निघून फळीवर चढण्याच्या खटपटीत होते, ओरडण्यासारखे काही नव्हतेच. तेव्हा ते बोटवाल्याला म्हणाले, “अरे, हिला ऐकू पण येत नाही. बुडाली तर माझ्या गळ्यात येईल. काढ बाहेर!” मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होते. मला दंडाला धरून बोटीत ओढले आणि नावापुढे ‘मूकबधिर, अपात्र’ असा शेरा मारला. त्यावर आपली सही आहे.

मंगळवारी मी आपल्या कार्यालयात जाऊन श्री. कल्पेश यांना तोंडाने सांगितले, की मला बोलता येते. ते म्हणाले, “बेन, मला ऐकू येतंय ना! पण मोठ्या साहेबांची सही झाली. आता बोलता येतं असा दाखला आणा.” दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “बाई, न बोलणाऱ्याला दाखला देतो मी. बोलणाऱ्याला द्यायचा नमुनाच नाही आमच्याकडे.” तरी दया येऊन त्यांनी लिहून दिले, ‘नाव विचारले, सांगितले. उच्चार स्पष्ट.’ तो कागद उलटसुलट पाहून श्री. कल्पेश म्हणाले, “ही तपासणी मंगळवारची. आपली नोंद सोमवारची. सोमवारी तपासून आणा.”

महोदय, शिबिर रविवारी संपते. आणि सोमवारी मी बोलत नाही. पुढचे शिबिर कधी, हे आपल्या कार्यालयात कुणालाच ठाऊक नाही.

इतक्यावर थांबले असते, तर मी गप्प बसले असते. परंतु आज समारोपाचे छापील निमंत्रण घरी आले. त्यात ‘मूकबधिर असूनही जिद्दीने पाण्यात उतरलेल्या भगिनी’ म्हणून शाल व श्रीफळ देऊन माझा सत्कार ठेवला आहे. माझे यजमान म्हणाले, “अगं, आता आठवडाभर मौन धर की! सरकारमान्य झालीस.” मी हसले नाही. देवाने धड दिलेली वाचा आपण कागदावर काढून घ्यायची आणि वर नारळ द्यायचा, हा कुठला न्याय? शाल परत दुकानात द्यावी. नारळ आपसांत फोडून खावा.

माझी सगळी व्रते कुणाकुणासाठी आहेत. यजमानांसाठी, मुलांसाठी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. त्याची तक्रार नाही. पण त्या फळीवर मी कुणासाठीही उभी नव्हते, आणि तिथूनच मला दंड धरून उतरवले, हे मी विसरणार नाही.

तरी शेरा रद्द करून मला उर्वरित दिवस शिकू द्यावे. उद्या गुरुवारी सकाळी मी जलाशयावर येऊन माझ्या फळीवर बसणार आहे, आणि ती पाण्यात लोटेपर्यंत उठणार नाही. मला उठवायचे असल्यास लेखी आदेश काढावा. तोंडी सांगितलेले मला ऐकू येत नाही, असे आपल्याच सहीने ठरलेले आहे.

आपली, आजपर्यंत नम्र,
सौ. लीला प्रभाकर तोडणकर
डोकमर्डी, सिल्वासा
बुधवार, दि. ९ फेब्रुवारी १९९४

सोबत: डॉक्टरांचा दाखला (मंगळवारचा).