निघोज्याला दिलेली दुर्गा

३ मार्च १९५७
जिंकलो! खडकीच्या संघाला त्यांच्याच मैदानावर हरवलं. निम्म्याहून जास्त बास्केट एकट्या दुर्गाचे. माझी नणंद म्हणून सांगत नाही — असा हात मी पुण्यात कॉलेजच्या मुलींतही पाहिला नाही. चेंडू सोडते आणि मागे वळते. आत गेला की नाही, बघतसुद्धा नाही!

येताना ट्रकमध्ये अर्जुनराव — आमच्या औषध कारखान्याचे खेळाचे साहेब — म्हणाले, "इंदुताई, कॅप्टन तुम्ही. पण राज्याच्या संघात आधी हिचं नाव जाणार." वाईट वाटलं का? थोडंसं. मग दुर्गानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि भोसरी येईपर्यंत झोपली. तोंड उघडं टाकून. एकोणीस वर्षांची घोडी!

९ मार्च
घरी आलो तर दारात बैलगाडी. निघोज्याचे पाहुणे. दुर्गा मागच्या दारानं आत.

१० मार्च
स्थळ चांगलं आहे. बागाईत जमीन, मुलगा ज्योतीराम एकुलता एक. अट एकच, त्याच्या आईची — सून कारखान्यात जाणार नाही, आणि हाफपँट घालून खेळणार तर नाहीच. मामंजी तंबाखू मळत बसले. सासूबाई म्हणाल्या, "तीन वरीस खेळली की. आमी कधी न्हाई म्हनलो?"

मी यांच्याशी भांडले. तिला विचारा तरी! हे म्हणाले, "लग्नानंतर तू खेळतेस, ते मी घरच्यांशी भांडलो म्हणून. सगळे नवरे भांडत नाहीत." खरंच आहे. त्याचाच जास्त राग आला.

दुर्गाला विचारलं. भाकरी थापत होती. मान वर केली नाही. "वहिनी, दादा दोन वर्षं हिंडतोय. माझी उंची बघून सगळे परत जातात. हे गेले नाहीत." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

१२ मे
लग्न झालं. मुंडावळ्या बांधायला करवलीला पाटावर चढावं लागलं. सगळे हसले. दुर्गासुद्धा. मला नाही जमलं.

२० जून
तिच्या जागी कुसुम आली. बरी आहे, पळते खूप. आज सवयीनं न बघताच डावीकडे चेंडू फेकला — तिथं कोणीच नव्हतं. गडगडत कँटीनच्या भिंतीपर्यंत गेला. मुली हसल्या. मीच आणायला गेले. थोडा वेळ तिथंच पाठ करून उभी राहिले.

५ जानेवारी १९५८
निघोज्याला हुरडा खायला गेलो. दुर्गाच्या अंगावर तेज आलं आहे. खेळाचं मी काढलं नाही, तिनंही नाही. ज्योतीरामानंच काढलं! कणीस चोळता चोळता, आई लांब गेलेली बघून हळूच म्हणाला, "वहिनी, ही बोलत न्हाई, पन झोपंत हात वर करती. चेंडू टाकल्यावानी. एवढं विहिरीचं काम उरकू द्या, मग आईची समजूत काढतो." दुर्गानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात!

परत येताना यांना म्हटलं, उगाच भांडले तुमच्याशी.

२ फेब्रुवारी
राज्याच्या संघात माझं नाव! सत्ताविसाव्या वर्षी! हे पेढे घेऊन आले. गुडघा दुखतो, ते कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

११ फेब्रुवारी
विहिरीत सुरुंग लावला होता. उडाला नाही. का उडाला नाही ते बघायला ज्योतीराम खाली उतरला —

लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी
काल निघोज्याला होतो. त्याची आई ऊर बडवत होती. मधेच दुर्गाकडे बघून ओरडली, "ह्या ताडमाड अवदसेनं खाल्लं माझ्या लेकाला!" दुर्गा भिंतीला टेकून बसलेली. रडली नाही. नुसती अंग चोरत होती — जणू जमलं तर लहान व्हायचं होतं तिला.

२५ फेब्रुवारी
तेरावा झाला तसं तिला पाठवून दिलं. हे घेऊन आले. सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच मिठी मारली. काही खात नाही. बोलत नाही. शेजारची शालनबाई विचारून गेली, "पोरगी आता हितंच का?" सासूबाई म्हणाल्या, "मग कुठं टाकू?" आणि दार लावून घेतलं.

२ मार्च
उद्याच्या सरावासाठी पिशवी भरत होते. दुर्गा दारात येऊन उभी राहिली. मोकळं कपाळ. अजून बघवत नाही.

"वहिनी, संघात जागा आहे का?"

सासूबाई चुलीपाशी. भाकरीवरचा हात थांबला.

कारखान्याच्या संघातल्या बाराच्या बारा जागा भरलेल्या आहेत. माझी धरून.

"आहे," मी म्हणाले. "उद्या एक रिकामी होतेय."