सोडा म्हणाले, म्हणून सोडलं

३ फेब्रुवारी, सोमवार

गळ्यात पडलं! संपादकांनी बोलावून सांगितलं — पेपर पुढच्या महिन्यात शंभर वर्षांचा होतोय, विशेष पुरवणीत इतिहास हवा, तो तुम्ही लिहा. का, तर कात्रण विभागात मी इतकी वर्षं बसले आहे आणि “तुम्हाला सगळं माहीत असतं.” मला सगळं कुठे ठेवलंय ते माहीत असतं. दोन्हींत फरक आहे, पण तो समजावत बसले असते तर जेवणाची सुट्टी गेली असती.

हो म्हणाले. घरी अजून सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. “मग तुझ्या बाबांचं नीट लिही,” म्हणाली. एवढंच.

बाबा आतल्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसले होते. दुसऱ्या पेपरातलं. आमचा पेपर या घरात येत नाही — मी तिथे नोकरी करते तरी! मी तिथे लागले तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. मग एक दिवस मीठ मागितलं आणि विषय संपला.

६ फेब्रुवारी

एकदा मांडून ठेवते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

चाळीस वर्षांपूर्वी बाबा रात्रपाळीचे प्रमुख होते. देशाचे एक म्हातारे नेते अत्यवस्थ होते. ते गेले अशी बातमी आली, पण पक्की नव्हती. मृत्युलेख तयारच होता. मोठ्या माणसांचे मृत्युलेख पेपरवाले ते जिवंत असतानाच लिहून ठेवतात. बाहेरच्या लोकांना हे ऐकून कसंसंच होतं, आम्हाला त्यात काही वाटत नाही. बाबांनी तेव्हाच्या संपादकांना घरी फोन लावला. त्यांना सगळे थोरले म्हणत. फोन झाला आणि पान छापायला गेलं. आमच्या भाषेत, बाबांनी पान ‘सोडलं’.

सकाळी नेत्यांनी स्वतःचा मृत्युलेख बिछान्यात बसून वाचला. पुढे ते आठ वर्षं ठणठणीत जगले. पहिल्या पानावर माफी आली आणि बाबांची नोकरी गेली.

बाबा म्हणतात — “ते सोडा म्हणाले, मी सोडलं.” थोरले मरेपर्यंत म्हणत राहिले — “मी नको म्हणालो होतो.” म्हणजे दोघांतला एक खोटारडा. पेपरच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेने तो कोण हे ठरवूनही टाकलं : ‘एका उपसंपादकाच्या उतावळेपणामुळे’. आईला ते वाक्य पाठ आहे. आता तिला त्याच्या जागी दुसरं वाक्य हवंय, बाबांच्या हयातीत. मलाही हवंय, लपवून काय करू?

१० फेब्रुवारी

सुरुवात झाली. पहिला अंक चार पानी, छत्र्यांच्या दुकानाच्या माळ्यावर छापलेला. संस्थापक गणिताचे मास्तर. शाळेत कुणाशी पटेना म्हणून पेपर काढला. पहिल्या अंकातली पहिली बातमी : ‘मंत्र्यांच्या हस्ते फुलाचे उद्घाटन’. फूल नव्हे, पूल! शंभर वर्षांची परंपरा म्हणतात ती हीच.

पुढे सरकारी बंधनं आली तेव्हा मास्तरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. अधिकारी जाब विचारायला आला. मास्तर म्हणाले, “काल काही सुचलंच नाही हो.” हे खरं की नंतर रचलेलं, माहीत नाही. पण घालणार. इतिहासात एवढं चालतं.

१२ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. कोड्यातून मान वर न करता म्हणाले, “तुझ्या थोरल्यांना विचार.”

“बाबा, ते वारले.”

“मग बरंच आहे. माझ्यापेक्षा कमी बोलतील.”

आई दारातून बघत होती. नंतर मला म्हणाली, “अगं, त्यांना त्रास होतो.” मला तरी त्रास दिसला नाही. चिडचिड दिसली.

१३ फेब्रुवारी

दादाचा फोन. आईने त्याच्या कानावर घातलेलं दिसतंय. “खपली कशाला काढतेस? लोक विसरलेत.” मी म्हटलं, आई कुठे विसरली? त्याने विषय बदलला. मग हवापाण्याच्या गप्पा.

१५ फेब्रुवारी

आज शिशाचे खिळे हाताने जुळवून छापायच्या काळापासून संगणकापर्यंत आले. एका दुपारीत! ज्यांना त्याला अर्धं आयुष्य लागलं त्यांनी वाचलं तर मारतील. जुनं छपाई यंत्र आता दारातल्या दालनात झाडूनपुसून ठेवलंय. पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढतात. ते तळघरात चालायचं तेव्हा वरच्या मजल्यावर कपबश्या थरथरायच्या, हे कुणालाच माहीत नाही. लिहिलं.

१८ फेब्रुवारी

थोरल्यांच्या बायकोला भेटून आले. काकू नव्वदीच्या पुढे आहेत, एका कानाने ऐकू येत नाही, बाकी खणखणीत. सुनेने चहा ठेवला आणि काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला — “वडील कसे आहेत? अजून रागात आहेत?”

मी सांगितलं, आहेत.

“असणारच. पण आमचेही खोटं बोलणारे नव्हते गं.”

मग आपणहून सांगत सुटल्या. फोन काकूंच्या उशाशी असायचा. थोरल्यांना त्या दिवशी ताप होता. काकूंनीच फोन उचलून त्यांच्या कानाला लावला. “हे म्हणाले, ‘सोडा हो’. आणि कूस बदलून झोपले.”

मी कप खाली ठेवला. म्हणजे म्हणाले! सोडा म्हणाले!

“म्हणजे नकोच म्हणाले की,” काकू म्हणाल्या. “यांचं तेच होतं. मी नवे पडदे घेऊया म्हटलं की ‘सोड ते’. मुलगा गाणं शिकतो म्हणाला, ‘सोड ते’. बाहेरच्या माणसाला ‘सोडा’. आमच्या घरात त्याचा दुसरा अर्थच नव्हता.”

मी विचारलं, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत?

“मला कुणी विचारलं?”

खाली येऊन जिन्यात बसले आणि हसले. मग रडू आलं. एक शब्द! एकाने टाकून द्या म्हणून टाकला, दुसऱ्याने छापायला पाठवा म्हणून झेलला. दोघंही खरं बोलत होते आणि दोन्ही घरं एकमेकांना खोटारडी म्हणत बसली. रुमाल सापडेना, तिकिटाच्या पाठीला डोळे पुसले.

१९ फेब्रुवारी

आईला सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “मला माहीतच होतं.” तिला काहीही माहीत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून वाद घालवेना.

बाबांना आत्ताच सांगायचं नाही असं दोघींनी ठरवलं. छापून आलं की दाखवू. त्यांचा कानापेक्षा छापील अक्षरावर विश्वास जास्त.

२६ फेब्रुवारी

संपादकांनी मजकूर वाचला. पूल-फूल आवडलं, कोरा अग्रलेख आवडला. ‘त्या’ परिच्छेदापाशी पेन्सिल थांबली.

“शब्दांची कसरत कशाला? ‘गैरसमजातून’ म्हणून पुढे जाऊ. नेत्यांनी बिछान्यात वाचलं ते ठेवा, लोकांना मजा येते.”

मी म्हटलं, गैरसमजाला दोन माणसं लागतात, स्मरणिकेत एकच आहे.

“जागा नाही हो.”

“मग छपाई यंत्र काढा. नाहीतर माझं नाव काढा.”

हे मी बोलले! खुर्चीत बसून, हळू आवाजात, पण बोलले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही चिडता हे मला ठाऊक नव्हतं,” म्हणाले. मलाही कुठे ठाऊक होतं?

२८ फेब्रुवारी

राहिलं! यंत्र गेलं, कपबश्या गेल्या. परिच्छेद शब्दाला शब्द राहिला :

‘संपादक “सोडा” म्हणाले, असे त्यांच्या पत्नी सांगतात; संपादकांना “नको” म्हणायचे होते. रात्रपाळीच्या प्रमुखांनी “छापायला पाठवा” असे ऐकले आणि पान सोडले. दोघेही प्रामाणिक होते. पुढे उतावळेपणाचा ठपका एकावरच ठेवला गेला, तो अन्याय होता.’

‘अन्याय’ या शब्दावर संपादक जरा अडले होते. मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. नव्याने लागलेली सवय!

५ मार्च

काही नाही. दाढ दुखते.

९ मार्च, रविवार

पुरवणीची पानं छापायला गेली. उद्या अंक. दादा येतोय. आईने बाबांचा चांगला सदरा काढून ठेवलाय. पेपर वाचायला चांगला सदरा कशाला, असं मी विचारलं नाही. मला आज फार बरं वाटतंय, इतकं की दाढसुद्धा आठवत नाही.

१० मार्च

आमचा पेपर चाळीस वर्षांनी घरात आला. बाबांनी पुरवणी शेवटपर्यंत वाचली. दादा अजून पोचायचा होता, आई चहा करत होती. बाबांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, “काकूंचं खरं आहे. पान पाठवायचं असलं की थोरले ‘होऊ द्या’ म्हणायचे. सोडा म्हणजे नको, हे मला फोनवरच कळलं होतं.”

मग का, एवढंच मी विचारलं.

“तो मृत्युलेख मी लिहिला होता गं. सहा वर्षं घासूनपुसून ठेवलेला. फार चांगला झाला होता. आणि तो माणूस काही मरेना.”