फ्रेममधला कागद

डिंडोली, सुरत
दि. १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय भिवामामा,

सप्रेम जय भीम. मामीलाही सांगा.

डिंडोलीहून पांडेसऱ्याला रिक्षाने पंधरा मिनिटं, आणि ही बया पत्र लिहीत बसलीय, म्हणून हसाल. हसा. पण समोर आले की मामी चहा ठेवते, तुम्ही मिलच्या गोष्टी काढता आणि माझं सांगायचं राहूनच जातं. आठ महिने हेच चाललंय. म्हणून लिहिते आणि तुमच्या प्रदीपच्या हाती पाठवते.

आईचा गुडघा आता बरा आहे. ऑफिसात कामाला तोटा नाही. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना खोट्या बिलांचे मेल येतात, ते खुशाल उघडतात, कॉम्प्युटर बंद पडला की मग माझ्या नावाने बोंब मारतात. मामीचा ठेचा संपला, हे तिला जरूर सांगा.

तर बातमी अशी की गुरुवारी अहमदाबादला जाऊन सायबर सुरक्षेची परीक्षा दिली आणि पास झाले.

“अगं, मार्चमध्येच पास झालीस ना?” असं म्हणाल. थांबा, जरा दमाने घ्या. मलाही दमानेच सांगू द्या.

मी चौथीत होते तेव्हा तुम्ही मिलमधून रंगवलेल्या कापडाच्या चिंध्या खिशात घालून आणायचे. दोन लाल चिंध्या समोर धरून विचारायचे, गडद कुठली? बरोबर सांगितलं की त्याहून जवळच्या रंगाच्या दोन काढायचे. चुकलं की जरा सोप्या. किती बरोबर आले ते तुम्ही कधी मोजलं नाही. मधेच म्हणायचे, “बस, तुझी नजर कुठवर जाते ते कळलं मला.” मी रडायचे, अजून विचारा म्हणून.

कॉम्प्युटरवरची ही परीक्षा अगदी तशीच आहे हो! बरोबर उत्तर दिलं की मशीन पुढचा प्रश्न अवघड देतं, चुकलं की सोपा. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. हुशार माणसालाही निम्मे प्रश्न चुकल्यासारखेच वाटतात. कमीत कमी शंभर प्रश्न, जास्तीत जास्त दीडशे. शंभरानंतर मशीनची खात्री पटली की ते आपणहून थांबतं. खात्री पटेना, तर दीडशेपर्यंत दमवतं.

मार्चमध्ये माझी परीक्षा शंभरावरच थांबली. तुमच्या घरी आले, तुम्ही विचारलं, इतक्या लवकर कशी सुटलीस? मी म्हटलं, मशीनच थांबलं. आणि तुम्ही टाळीच वाजवली. “आमचा डाइंग मास्टर रंग तपासताना लवकर थांबला म्हणजे त्याला खात्री पटली! पास झाली पोरगी!” मामीने मला कुशीत घेतलं. तुम्ही पेढे आणायला पळालात, चप्पलसुद्धा उलटसुलट घालून.

मामा, मशीनला खात्री पटली होती, पण मला जमत नाही याची.

मी नापास झाले होते. पर्समधला कागद तुम्ही काढून बघितलात आणि ठेवूनच घेतलात, त्यावर आठ विषय, प्रत्येकापुढे इंग्रजीत शेरा. तुम्हाला वाटलं गुणपत्रिका. पास झालेल्याला ती यादी मिळतच नाही. कुठे कमी पडलो हे फक्त नापासालाच सांगतात. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पेढ्याचा पुडा उघडला होता आणि मी पेढा उचलून तोंडात टाकला. मी भित्री आहे, दुसरं काय!

चार दिवसांनी आले तर तो कागद फ्रेम होऊन भिंतीवर! तोही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, मी बसते त्या खुर्चीच्या बरोब्बर समोर. आल्यागेल्याला तुम्ही दाखवायचे, “आमच्या भाचीचा कागद, आठ विषय आहेत.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

पण खरं सांगू? दर रविवारी चहा पिताना समोर ती यादी असायची. तीन विषयांत कमी, दोनांत काठावर. मान वर केली की तेच. घरी जाऊन त्याच तीन विषयांची पुस्तकं उघडायचे. तो कागद माझ्याकडे असता तर मी फाडून टाकला असता. तुम्ही जपलात म्हणून मी शिकले. बाबा गेल्यावर तुम्ही आम्हाला सांभाळलंत त्याचे आभार मानायचं धाडस मला कधी झालं नाही, आज त्याचेही मानते.

गुरुवारी मशीनने पार दीडशेपर्यंत नेलं. सोबत कागद पाठवलाय. त्यावर गुण नाहीत, विषय नाहीत, अभिनंदनाच्या दोन ओळी, बस्स. अगदी उघडाबोडका दिसतो. तो भिंतीवर लावायचा की मला घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्यापुढे खोटी ठरलेली, पण तुमचीच,
स्वप्ना

*

पांडेसरा
ता. १८

चि. स्वप्नास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मामी वाचून रडली आणि लगेच मिरच्या भाजायला बसली.

मार्चमध्ये फ्रेमवाल्याने कागद वाचला आणि म्हणाला, “काका, ये तो फेल का है. फ्रेम करना है?” मी म्हटलं, कर. पेढे वाटून झाले होते, ते काही परत मागता येत नव्हते. पण त्यानंतर मी कुणाला ‘पास’ म्हणालो असलो तर आठवून सांग.

आमच्या मिलमध्ये रंगाची शेड जमली नाही तर ती चिंधी कुणी फेकत नाही. रंगाऱ्याच्या डोळ्यांसमोर टाचून ठेवतात. जमली की नवी तिच्या शेजारी लावतात आणि दोन्ही जपतात. म्हणून तुझ्या खुर्चीसमोर खिळा ठोकला होता. तू कधी बोलशील याची वाट बघत होतो. आठ महिने लावलेस, गाढवे.

दोन कागद मावतील अशी मोठी फ्रेम करायला टाकली आहे. रविवारी मिळेल. जुना खिळा तिला पेलायचा नाही. नवा आणून ठेवलाय, तो तू येऊन ठोकायचास.

तुझी वाट बघणारा,
भिवामामा