गुरुवारचा डबा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात. एकच वाक्य डोळे उघडे असतानाही ऐकू येतं, आणि ते तुम्ही माझ्याशी बोललाच नव्हतात. आज गुरुवार. सकाळी भरल्या वांग्यांसाठी शेंगदाण्याचं कूट कालवत होते आणि एकदम हात थांबला. म्हटलं, लिहावंच एकदा या माणसाला.

आठवतात का ते वार? टेनिस शिकवणारे सर एकटे राहायचे, म्हणून तुम्ही पालकांनी मिळून त्यांचे वार लावले होते. रोज एकेका घरचा डबा, गुरुवार आपला. आपलं वरण पातळ झालं तरी चालायचं, सरांच्या डब्यात मात्र तूप वरून ओघळायला हवं. पाटबंधारे खात्यातले कारकून तुम्ही, पण साहेबापुढं वाकला नाहीत इतके सरांपुढं वाकायचात. पोरगी पुण्याला राज्य स्पर्धेत खेळली पाहिजे, हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं होतं. मी बारा वर्षांची होते. माझ्या डोक्यात काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

सर कसं शिकवायचे ते सांगू? सरावाचा सामना जो हरेल त्यानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, आणि सर त्याच्या पाठीवर सर्व्हिस मारायचे. हललं की पुन्हा. रडलं की पाणी बंद. भर मे महिन्यात ते आम्हाला मुरमाच्या कोर्टावर रोलर ओढायला लावायचे आणि स्वतः सावलीत बसून आपल्याच घरचा डबा खायचे, बोटं चाटत. 'ए म्हशी, ओढ की!' हे मला, सगळ्यांसमोर. तुम्ही कुंपणाबाहेर बाकावर बसलेले असायचात. एकदा भिंतीपाशी उभी असताना मी मान वळवून तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही हातानं खूण केलीत, समोर बघ म्हणून.

माझ्याबरोबर उस्मानपुऱ्यातली एक मुलगी खेळायची. तिच्या अब्बांचं क्रांती चौकात शिलाईचं दुकान. सरांनी तिच्या पोटरीवर रॅकेटची कड हाणली, तर दुसऱ्याच दिवशी ते गळ्यात टेप तसाच लटकत असताना आले. आवाजसुद्धा चढवला नाही. 'हमारी बच्ची कू हम नै मारते, तुम कौन?' एवढंच सरांना म्हणाले, आणि तिला म्हणाले, 'चल बेटा, घर कू चल.' तिनं रॅकेट कव्हरात घातली, चेन ओढली आणि लुनावर मागं बसून गेली. मी बघतच राहिले. त्या संध्याकाळी तुम्ही हसत हसत आईला सांगितलंत, 'असं लाडानं कुठं खेळाडू होतं व्हय?' मी ताटात मान घालून भाकरी कुस्करत होते.

मग एका बुधवारी माझा डबल फॉल्ट झाला आणि सरांनी माझ्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला, गालावर पाची बोटं उमटली. आईनं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. 'मेल्याचे हात झडले नाहीत ते! तुम्ही विचारता का मी जाऊ?' तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलात. मला केवढा अभिमान वाटला, अण्णा! आणि आईनं तुमच्या हातात डबा दिला, कारण गुरुवार होता. सरांना शिव्या देत देत तिनं पहाटे उठून वांगी भरली होती. जाब विचारायला जाणारा माणूस डबा घेऊन जातो का हो? पण वार चुकवायचा नाही, एवढंच आपल्या घराला माहीत. तुम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी सायकलवर पुढं गेले आणि कोर्टाशेजारच्या पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. तुम्ही आलात. आधी डबा दिलात. सरांनी झाकण उघडून वास घेतला. मग तुम्ही हात जोडलेत. 'सर, मारा हो, आमचं काही म्हणणं नाय. चुकली तर हाणाच. फक्त तोंडावर नका. पोरीची जात, उद्या उजवायची आहे.' सर म्हणाले, 'हात्तिच्या! एवढंच? आधी सांगायचं की.' आणि तुम्ही दोघंही हसलात.

माणूस शब्दाला जागला. पुन्हा कधी माझ्या तोंडाला हात लावला नाही. पाठ, पोटऱ्या, बरगड्या, सगळं तुमच्या परवानगीनं. पुण्याला मी पहिल्याच फेरीत हरले. परत आल्यावर भिंतीपाशी जे झालं, त्यानं उजवा खांदा कायमचा गेला, अजून वेणी घालताना हात वर जात नाही. लग्नातले फोटो मात्र झकास आले. सासूबाई म्हणाल्या, चेहरा कसा नितळ आहे पोरीचा, आणि तुम्ही छाती फुगवलीत. सर पहिल्या पंगतीला होते. त्यांना आग्रह करकरून वाढत होतात तुम्हीच.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय हिला. धक्का कसला, डोंबल! पैठणला तुमची राख नदीत सोडली आणि हात धुऊन मी येताना भूक लागली म्हणून भजी खाल्ली. चवीनं खाल्ली. सर गेल्याचं कळलं तेव्हाही मला भूकच लागली होती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुमचा तो डबा अजून फडताळात आहे, त्यात घडी करून ठेवीन. एकच गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती सांगते. त्या दिवशी टाकीआड तुमच्या स्कूटरचा आवाज आला, तेव्हा मी रॅकेट कव्हरात घातली होती. चेनसुद्धा लावली होती. मला वाटलं होतं, तुम्ही मला घरी न्यायला आलात.